काकू, हसा ना

"एक बदाम कमी आहे. कोणाचा राहिला?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

पॅकिंग हॉलच्या भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. पडद्यावर माझी आई होती. भिंतीएवढी. लाल फेटिया म्हणजे घागरा, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, कपाळावर घाम, एक हात पाठीमागं आणि तोंडभर हसू. तिच्यामागं सोंगलेलं सोयाबीनचं शेत. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्या शेतातली रंगीत संध्याकाळ'. त्याखाली फोटो काढणारीचं नाव. शलाका. आणि त्याखाली, फोटो आवडला की दाबायचा तो लाल बदाम. बदामापुढं आकडा.

साहेबांनी मोबाईलवर नावं खालीवर केली. मग माझ्याकडं बघितलं.

"तुझा राहिला. दाब."

पक्के कामगार खुर्च्यांवर बसले होते. आम्ही कंत्राटी मागं भिंतीला टेकून उभे. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मी म्हणाले, "साहेब, ती माझी आई आहे."

साहेब हसले.

"अरे वा! मग तर दोनदा दाब!"

सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायाही हसल्या. साहेब हसले की हसायचं असतं. शलाकानं तोंडावर हात ठेवला. "अय्या, खरंच? सांगायचं ना गं!"

मी मोबाईल काढला. बोट ठेवलं. पडद्यावरचा आकडा एकानं वाढला. टाळ्या पडल्या. आमची शाखा त्या महिन्यात सगळ्या शाखांत पहिली आली होती. ज्या शाखेत सगळेच बदाम दाबतात ती पहिली, असा हिशेब होता.

शेलूबाजारजवळ हायवेला लागून ती बियाण्याची कंपनी आहे. नाव सांगत नाही. शेतकऱ्यांकडून सोयाबीन यायचं, ते चाळून, निवडून, पिशव्यांत भरून बियाणं म्हणून विकायचं. मी तिथं पॅकिंगच्या टोकाला कॉम्प्युटरवर बसायचे. किती पिशव्या निघाल्या, कोणत्या गाडीत गेल्या, ते भरायचे. पदवी घेतलेली होती. पण नोकरी कंपनीची नव्हती, कंत्राटदाराची होती. माझ्या बाजूच्या खुर्चीवर तेच काम करणारा मुलगा कंपनीचा होता.

पुण्याच्या मुख्य ऑफिसनं एक ॲप आणलं. फक्त कंपनीतल्या लोकांसाठी. गावाकडचं वाटावं म्हणून नाव ठेवलं, 'आपला ओटा'. म्हणजे सगळे एका ओट्यावर बसून गप्पा मारल्यासारखं. फोटो टाका, वाढदिवस सांगा, कविता लिहा, एकमेकांचं कौतुक करा. साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं, "इथं कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही."

मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ॲप घेतलं. माझा फोटो लावला. फोटोभोवती राखाडी कड आली. शलाकाच्या फोटोभोवती निळी. मला वाटलं, रंग आपण निवडायचा असेल. शोधलं. सापडलं नाही. मग कळलं, निळी कड पक्क्यांची. राखाडी कंत्राटी लोकांची. निळ्या कडेच्या माणसाला लिहिता येत होतं, फोटो टाकता येत होते. राखाडी कडेच्या माणसाला बघता येत होतं. आणि बदाम दाबता येत होता. बस.

ओटा माझ्या ओळखीचा होता. लहानपणी याडीबरोबर गावात निंदणाच्या मजुरीला जायचे तेव्हा पाटलांच्या घरापुढं ओटा असायचा. ओट्यावर ते बसायचे. आम्ही खाली मातीत. आमची आई म्हणजे याडी. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायची आणि मलाही तसंच प्यायला लावायची. मी विचारायचे, "वर काहून नाई बसत?" ती म्हणायची, "पाणी पी. बोलू नको."

पुण्याच्या साहेबांना हे माहीत नसणार. नाव मात्र त्यांनी बरोबर शोधलं होतं.

आता शलाकाबद्दल सांगते. खरं सांगते.

माझ्याच वयाची. शेलूबाजारच्या अलीकडं त्यांची मोठी शेती. बागायत. ती ऑफिसात माणसांचं बघायची. कोणाची रजा, कोणाचा वाढदिवस, कोणाची भरती. वडील सकाळी गाडीनं सोडायचे. मी जीपमधून यायचे, टपावर पोती, आत कोंबलेली माणसं. ती वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती मला नावानं हाक मारायची. डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्यायची. साहेबांना म्हणायची, "सर, ऐका ना," आणि सर ऐकायचे.

मी तिच्यावर जळायचे.

तिच्या कपड्यांवर नाही. गाडीवर थोडं. पण खरं जळणं दुसरंच. तिला काहीही वाटलं की ती ते लिहायची आणि ते सगळ्यांना दिसायचं. 'आज चहा फारच छान झालाय.' एवढं लिहायची. त्याला बदामांचा पाऊस. 'आज जरा उदास वाटतंय.' खाली लोक विचारायचे, काय झालं शलाका, काळजी घे शलाका. मला उदास वाटायचं तेव्हा मी पिशव्या मोजायचे.

मी तिचं सगळं वाचायचे. जीपमध्ये, दोन माणसांच्या मधे दाबून बसून. नवीन काही नसलं तर जुनं काढून वाचायचे. आणि मनात माझं लिहायचे. चाळणीवरच्या बाया तोंडाला ओढणी बांधून काम करतात, संध्याकाळी ओढणी सोडतात तेव्हा अर्धं तोंड धुळीचं आणि अर्धं स्वच्छ असतं, आणि त्यावरून त्या एकमेकींना इतक्या हसतात की बस. हे मी तिच्यापेक्षा चांगलं लिहिलं असतं. मला खात्री होती. पण लिहायची जागाच माझ्या मोबाईलवर उगवत नव्हती. तिच्या चहाखाली मी बदाम दाबायचे. दाबावाच लागायचा. कोण दाबत नाही ते साहेब बघायचे.

आणि मग तिनं तो फोटो टाकला.

आमच्या तांड्यात आता बहुतेक बाया साडी नेसतात. याडी नाही. ती अजून फेटिया-कांचळीच घालते. सोयाबीनच्या सोंगणीला टोळीतल्या बायांबरोबर ती शलाकाच्या शेतात गेली होती. तिथं शलाकानं तिला पाहिलं आणि फोटो काढला. ती कोणाची आई आहे हे शलाकाला ठाऊक नव्हतं. मला मान्य आहे.

मी फोटो पहिल्यांदा जीपमध्ये बघितला. खालची लोकांची वाक्यं वाचली. 'काय पोज दिलीय मावशींनी!' 'हाच खरा भारत.' 'हा ड्रेस भाड्यानं मिळतो का? भाचीच्या स्नेहसंमेलनाला पाहिजे.' 'यांना कृषी प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर उभं करा, गर्दी होईल.' नाव कोणी विचारलं नव्हतं.

मला राग यायला पाहिजे होता. आला. पण आधी आलं ते दुसरंच.

माझी याडी माझ्या मोबाईलकडं बघून कधी हसली नव्हती. मी फोटो काढायला गेले की ती हात आडवा धरायची. "काहून काढते व? कामं नाईत का तुले?" माझ्याकडं तिचे जे फोटो आहेत त्यात तळहात आहे, पाठ आहे, चुलीचा धूर आहे. हसू नाही. आणि त्या पोरीला तिनं तोंडभर हसू दिलं. सगळे दात. डोळे बारीक झालेले. मी विचार करत राहिले की काय बोलली असेल ही शलाका, की माझी याडी अशी हसली? माझं आणखी काय काय हिच्याकडं जायचं राहिलंय?

म्हणून मी बदाम दाबला नव्हता. आईच्या इज्जतीसाठी नव्हे. जळून.

त्या मीटिंगनंतर घरी गेले तेव्हा याडी अंगणात बसून भाकरी थापत होती. आम्ही घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. इथं आमचं बोलणं, ती बाजारात बोलते तसं, मी वऱ्हाडीत लिहिते.

मी तिच्यासमोर मोबाईल धरला. "हे बघ. तू हाय."

तिनं हात पुसला, मोबाईल जवळ घेतला. "माय व. किती मोठं तोंड हाय माहं."

"तू कायले हासली त्या पोरीकडं पाहून?"

"कायले म्हंजे?"

"मी काढला की तोंड झाकते. तिच्यासाठी हासते. काय देल्लं तिनं तुले?"

याडीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लहान आहे आणि मला ताप आलाय.

"थे म्हने, काकू, हसा ना. मंग हासली."

"बस?"

"मंग काय? तिची माय बांधावर उभी होती. नाई हासली अस्ती तं दुसऱ्या दिवशी बलावलं अस्तं का आमच्या टोळीले?"

तिनं भाकरी उलटली. मग उजव्या हाताचं बोट माझ्यापुढं केलं. बोटावर विळ्याचा आडवा वण होता, अजून गुलाबी.

"त्याच टायमाले इया लागला होता. रगत गयत होतं. थे म्हने, काकू, हात मांगं घ्या, फोटोत दिसून राह्यलं. घेतला मांगं. कांचळीले पुसला."

लोकांनी त्यालाच पोज म्हटलं होतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. भूक होती. पण घास घेतला की तो पाठीमागचा हात दिसायचा. मी ज्या हसण्यावर जळत होते ते हसणं नव्हतंच. ती मजुरी होती. सोंगणीबरोबर फुकटात घातलेली.

तुम्हाला वाटेल की तिथंच माझे डोळे उघडले. नाही उघडले. दुसऱ्या दिवशी मी जीपनं कामावर गेले. शलाकानं चटणी दिली. मी खाल्ली.

मग एके दिवशी ॲप बंद होणार असं कळलं. ज्यांनी ते बनवलं होतं त्यांनीच दुकान बंद करायचं ठरवलं होतं. महिनाअखेरीला 'आपला ओटा' संपणार. सगळे फोटो, सगळं लिहिलेलं, सगळे बदाम जाणार. ज्यांना पाहिजे त्यांनी आपापलं उतरवून घ्या.

ऑफिसात सुतक लागल्यासारखं झालं. लोक हळहळले. "आपलं कुटुंबच होतं ना ते," कोणी तरी म्हणालं. शलाकानं लिहिलं, 'माझ्या आयुष्याचा एक तुकडा जातोय.' त्याला तिच्या चहापेक्षाही जास्त बदाम.

आणि मला आनंद झाला. फार. जीपमध्ये मी एकटीच हसत होते. जाऊ दे, सगळं जाऊ दे. तिचा चहा, तिची उदासी, तिची रंगीत संध्याकाळ. आता ती आणि मी सारख्या. तिचंही कुठं काही दिसणार नाही, माझंही नाही. माझ्याजवळ उतरवून घ्यायला काहीच नव्हतं, म्हणून माझं काही बुडतही नव्हतं. असा आनंद माणसाला होतो. मला झाला.

तो टिकला नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शलाका आधीच बसली होती, खुर्चीवर. मी उभी.

"निरोपाचा कार्यक्रम करतोय," साहेब म्हणाले. "पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. सगळ्या शाखांतून शलाकाचा फोटो पहिला आला. तो मोठा करून आपण रिसेप्शनला कायमचा लावणार. अनावरण तुझ्या आईच्या हस्ते."

"आईच्या?"

"हो. तिला घेऊन ये. तोच ड्रेस. पण नवा असेल तर नवा, फोटोतला जरा विटलेला आहे. आणि तांड्यातल्या आणखी काही बायका आण. तुमचं ते होळीचं नाच-गाणं असतं ना, लेंगी, ते होऊन जाऊ दे. मोठे साहेब खूश होतील."

"होळी नाही साहेब आता."

"अगं, त्यांना काय कळतंय!"

शलाका उठली आणि तिनं माझा हात धरला. तिचे डोळे ओले होते. "तुझ्या आईमुळंच झालं गं हे सगळं. मला पुण्याच्या ऑफिसात घेतायत. मी काकूंसाठी साडी घेतलीये. पैठणी काठाची."

साडी. तिनं याडीला जवळून पाहिलं होतं. फोटो काढला होता. तो भिंतीवर लावणार होती. आणि तिच्यासाठी साडी घेतली होती.

मी निघाले तेव्हा साहेब मागून म्हणाले, "आणि हो. तुझं नाव मी पुढं करतो. पक्कं करून टाकू."

निळी कड. ॲप जाणार होतं पण कड राहणार होती. शलाका पुण्याला गेली की तिची खुर्चीही रिकामी होणार होती. त्या खुर्चीकडं जाता जाता मी बघितलं. तिला चाकं होती. मला ती पाहिजे होती. आजही लिहिताना सांगते, पाहिजे होती.

घरी याडीला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती उठली आणि पत्र्याची पेटी उघडून बसली. तळातून नवा फेटिया काढला. पोहरादेवीच्या यात्रेला घालायचा म्हणून वर्षभर शिवलेला. एकेक आरसा तिच्या हातचा. तिनं तो झटकला, अंगाला लावून बघितला.

"नोकरी पक्की होते म्हनते ना तुयी?"

"साहेब म्हणून राह्यले."

"मंग येतो ना. नाचतो बी. माह्यं काय जाते त्यात?"

ती भिंतीवरच्या आरशापुढं गेली. हातभर आरसा. त्यात तिचं अर्धंच तोंड मावतं. तिनं उजवा हात पाठीमागं घेतला. बोट कधीच बरं झालं होतं. तरी घेतला. आणि हसली. तेच. सगळे दात. डोळे बारीक.

मग हसू तसंच ठेवून माझ्याकडं वळली.

"असंच ना? का अजून मोठं पाह्यजे?"

मी तिथं उभी होते. शलाका जिथं उभी राहिली होती, बरोबर तिथं. बांधावर तिची माय उभी होती तिथं. माझी आई माझ्या तोंडाकडं बघत होती की पोरीला पसंत पडलं का नाही. आता तिला हसवणारी मी होते. आयुष्यभर मी तिचं हे हसू मागत होते, आणि ते मला मिळालं होतं. माझ्या नोकरीच्या बदल्यात.

"याडी, नको हासू," मी म्हणाले.

"काहून? वाईट दिसते?"

"हात समोर घे पयले. हात समोर घे!"

मी ओरडले. ती दचकली. हात समोर आणला आणि नुसती उभी राहिली, फेटिया हातात घेऊन. हसू गेलं. मागं जे तोंड राहिलं ते थकलेलं होतं.

"तू येऊ नको," मी म्हणाले.

"अन नोकरी?"

"तू येऊ नको म्हनलं ना!"

"मोठी झाली तू," ती म्हणाली, आणि फेटिया परत पेटीत घालायला लागली. घडी नीट होईना. तिनं तो तसाच कोंबला. यात्रेचा फेटिया. रागानं.

कार्यक्रम दुपारी होता. पॅकिंग बंद ठेवलं होतं. हॉल झाडून सतरंज्या घातल्या होत्या. पुण्याचे मोठे साहेब मधल्या खुर्चीवर. बाजूला चौकटीत घातलेला फोटो, वरून पिवळा कपडा टाकलेला. कपड्याच्या खालून याडीचे पाय दिसत होते. चपला नसलेले.

साहेबांनी मला दारातच गाठलं. "आई कुठंय? बायका?"

"येणार नाहीत."

"म्हणजे?"

त्यांच्या मानेची शीर फुगली. पण मोठे साहेब बघत होते. त्यांनी पटकन माईक घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "काही कारणानं मावशी येऊ शकल्या नाहीत. त्यांची कन्या आपल्यातच आहे. तीच अनावरण करील. आणि दोन शब्द बोलेल. ये, ये."

मी पुढं गेले. मागं चाळणीवरच्या बाया उभ्या होत्या, ओढण्या खाली घेऊन. मी कपडा काढला नाही. माईक घेतला.

मी ऑफिसात मले-तुले नाही, मला-तुला बोलायचे. ताण देऊन, सांभाळून. त्या दिवशी तोंडातून जे आलं ते वऱ्हाडी आलं.

"या फोटोतल्या बाईचं नाव सक्रीबाई हाय. थे माही याडी हाय. तिचा हात मांगं हाय कारण त्याच्यातून रगत गयत होतं. तिले हात लपवा म्हनलं, हसा म्हनलं. थे हासली कारण दुसऱ्या दिवशी काम पाह्यजे होतं. तिले कोनी इचारलं नाई फोटो लावू का म्हनून. मी सांगतो, लावू नका."

माईक घरघरला. मोठे साहेब शेजारच्याला काही तरी विचारत होते. माझी भाषा त्यांना कळली नसावी.

साहेब दात आवळून म्हणाले, "मॅडमनं प्रेमानं काढलाय तो फोटो."

"प्रेमानं काढला तं नाव काहून नाई लिवलं?"

उत्तराची त्यांना गरजच पडली नाही. कारण शलाका रडायला लागली. दोन्ही हातांत तोंड घेऊन. लगेच चार-पाच जण उठले. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर हात ठेवला. "मी असं काही... मला माहीतच नव्हतं..." ती हुंदके देत होती. मोठे साहेब स्वतः उठून तिच्याजवळ गेले. मी माईक घेऊन उभी. माझ्याकडं कोणी आलं नाही.

आणि सांगते, त्या क्षणीही मी जळाले. तिचं रडणंसुद्धा लोकांना दिसतं. माझ्या आईचं रक्त दिसलं नव्हतं.

माझ्या हातातून माईक काढून घेतला गेला. कपडा मोठ्या साहेबांनीच काढला. टाळ्या झाल्या. मागच्या बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढं मी बघितलं. मग बाहेर आले.

साहेबांनी एक वाट ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराकडून निरोप आला, 'शलाका मॅडमची सगळ्यांसमोर माफी माग, विषय संपला.' मी नाही म्हणाले. मग कंत्राटदार म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

शलाका पुण्याला गेली. ॲप बंद झालं. मी मोबाईलवर त्याच्या चित्रावर बोट ठेवलं तेव्हा नुसता पांढरा पडदा आला. फोटो मात्र राहिला. रिसेप्शनला, सोफ्याच्या वर. पॅकिंगमधल्या बाया सांगतात, येणारे व्यापारी त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात. नाव अजून नाही.

याडीच्या टोळीला त्या शेतात परत बोलावणं आलं नाही. टोळीतल्या बाया याडीला बोलल्या, तुह्या पोरीच्या तोंडापायी आमचं काम गेलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग एकदा विहिरीवर मला म्हणाली, "काय भेटलं तुले?" काही भेटलं नाही. टोळीला मी दुसरीकडं काम शोधून दिलं, लांबचं. त्या पायी जातात. माझ्यावरचा त्यांचा राग गेलेला नाही. जाऊ नये.

मी आता मंगरुळपीरला एका दुकानात कॉम्प्युटरवर अर्ज भरून देते. जीप रोज त्याच हायवेनं जाते. कंपनीचं गेट आलं की मी मान वळवत नाही, सरळ बघते.

तो फोटो उतरवायला लावावा म्हणून वाशिमला एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "वेळ लागेल. कंपनी म्हणेल, तुमच्या आई हसत होत्या, म्हणजे त्यांची संमती होती. टिकेल का सांगता येत नाही." मी म्हणाले, "तुम्ही केस टाका." केसच्या कागदावर याडीच्या अंगठ्याची गरज होती. मी कागद घेऊन तिच्यापुढं बसले. तिला सगळं समजावून सांगितलं, गोरमाटीत, दोनदा. म्हटलं, "तुही इच्छा असन तरच. मी म्हणून राह्यली म्हणून नाई." तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "इच्यार करतो." अजून करतेय. मी घाई करत नाही. तिला आजवर 'विचार करून सांगा' असं कोणी म्हटलेलं नाही.

तिचं तिनं ठरवावं. माझं माझं ठरलंय.

मला लोक म्हणतात, सोड, ॲपच बंद पडलं, आता काय राहिलं. मी शलाकावर अजून जळते. तिचं नाव कुठं ऐकलं की छातीत गरम होतं. ते मी विझवणार नाही. मला त्याची लाज वाटत नाही. तिला न मागता जे मिळालं ते मला मागावं लागणार आहे, तर मागते. मागून देत नसतील तर अडवून धरते. चाळणीवरच्या बायांना खुर्ची पाहिजे, कंपनीचं नाव लागलेली नोकरी पाहिजे, आणि त्यांना न विचारता त्यांच्या तोंडाचा फोटो कोणी लावता कामा नये. एवढंच म्हणणं आहे. ते मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, वऱ्हाडीत आणि गोरमाटीत.

सोमवारी सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, मी त्या गेटसमोर बसणार आहे. पॅकिंगमधल्या दोघीजणी म्हणाल्या आहेत, आम्ही येतो. येतील, न येतील. त्यांनाही घर आहे.

मी बसणार आहे.